वॉर्डात रुग्णातला बदल कसा ओळखावा आणि तो वेळेत कसा कळवावा

ड्यूटीवर आल्यावर सिस्टरच्या हाती रुग्णाची फक्त आत्ताची अवस्था असते: आत्ताची नाडी, आत्ताचा रक्तदाब, आत्ताचा चेहरा. एवढ्यावरून फारसे काही ठरत नाही. नाडी 104 आहे हे बरे की वाईट, याचे उत्तर ती दोन तासांपूर्वी 128 होती की 82, यावर अवलंबून असते. पुस्तके ज्याला क्लिनिकल जजमेंट म्हणतात, त्याचा गाभा माझ्या मते यातच आहे. रुग्णाची तुलना पुस्तकातल्या सर्वसाधारण माणसाशी करण्याआधी त्याच्या स्वतःच्या मघाच्या अवस्थेशी करावी, फरक दिसला तर त्याचे कारण शोधावे, आणि ज्याच्याकडे उपचाराचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत तो फरक आकड्यांसह आणि वेळेत पोहोचवावा. जुन्या सिस्टरना ‘आतून कळते’ असे आपण म्हणतो. पण ते आतून वगैरे काही नसते, त्यांनी तो चेहरा संध्याकाळी नीट पाहून ठेवलेला असतो.

हे लेखन इंदूरमधल्या मराठी घरांतून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला गेलेल्या आणि नुकत्याच वॉर्डात उभ्या राहिलेल्या मुलामुलींसाठी आहे. मी या शहरात बरीच वर्षे वॉर्डात काम केले आणि आता शिकवते. आपल्या मुलांची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, ती अशी की घरी मराठी, केस-पेपरवर इंग्रजी आणि खाटेपाशी हिंदी, तीही माळवी, निमाडी किंवा भिली वळणाची, कारण रुग्ण देवासहून, खरगोनहून, झाबुआहून आलेला असतो. त्या अडचणीवर पुढे वेगळे लिहिले आहे. आधी ओव्हरपासून, म्हणजे ड्यूटी बदलताना एकीने दुसरीला रुग्ण सोपवण्यापासून, सुरुवात करू.

ओव्हर खाटेपाशी घ्यावी

ओव्हर काउंटरवर बसून घेऊ नये. जाणारी आणि येणारी, दोघींनी मिळून प्रत्येक खाटेपाशी जावे, आणि येणारीने तिथेच चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात: रुग्ण कसा बोलतो, श्वास कसा घेतो, सलाईन कुठवर आले आहे आणि युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) किती आहे. ड्रेसिंग असेल तर पांघरूण बाजूला करून, आणि पाठीखाली हात घालून पाहावे, कारण रक्त उताराने खाली वाहते आणि वरची पट्टी कोरडीच राहते. याला एका रुग्णामागे दोन मिनिटेही लागत नाहीत. जाणारीला घाई असते हे मला मान्य आहे. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी रस्ते बंद असल्याने दुपारची ड्यूटी हमखास उशिरा सुरू होते, आणि सकाळची सिस्टर पर्स खांद्याला लावूनच ओव्हर देते. अशा दिवशी निदान तीन रुग्ण तरी दोघींनी मिळून पाहावेत: आज ऑपरेशन झालेला, ज्याचे औषध आज बदलले तो, आणि ज्याच्याबद्दल जाणाऱ्या सिस्टरला उगीचच काळजी वाटते तो. ‘तुम्हाला कुणाची काळजी वाटते?’ हा प्रश्न तोंडाने विचारावा. त्याचे उत्तर कागदावर कधीच लिहिलेले नसते.

आकडे स्वतः घ्यावेत, आणि श्वास मोजावा

कोणत्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट उघडून पाहिला, तर श्वसनाच्या रकान्यात ओळीने 20, 20, 20 असे लिहिलेले सापडण्याची शक्यता मोठी असते. पंचवीस रुग्णांचे श्वास एकसारखे वीसच असू शकत नाहीत. तो आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो. वास्तविक रुग्ण बिघडू लागला की श्वासाची गती बहुधा सर्वांत आधी बदलते, रक्तदाब सर्वांत शेवटी पडतो, आणि आपण नेमके शेवटच्या खुणेवर विसंबून राहतो. श्वास पूर्ण साठ सेकंद मोजावा. मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की तो श्वास बदलतो, म्हणून नाडी धरल्याचे निमित्त करून मनगट हातात ठेवावे आणि नजर छातीवर ठेवावी.

रक्तदाबाचा पट्टा दंडाला साजेसा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढलेला दिसतो, आणि मग खरोखर घसरत असलेला रक्तदाब ‘ठीक’ वाटतो. ऑक्सिमीटर थंडगार बोटावर किंवा नेलपॉलिशवर लावून आलेला आकडा धरू नये. बोट चोळून गरम करावे, दुसरे बोट पाहावे, आणि यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का ते तपासावे. दोन्ही जुळत नसतील तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये.

ज्यांना कागदी आधार हवा आहे त्यांनी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये काढलेली आणि 2017 मध्ये सुधारलेली न्यूज-2 ही गुणपद्धती शिकून घ्यावी. श्वास, ऑक्सिजनचे प्रमाण, रुग्ण ऑक्सिजनवर आहे की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना त्यात गुण असतात. श्वास 12 ते 20 असेल तर शून्य, 21 ते 24 असेल तर दोन, आणि 25 किंवा त्याहून अधिक असेल तर तीन. एकूण बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवावे, सात झाली की ती आणीबाणी समजावी, आणि कोणत्याही एका गोष्टीलाच तीन गुण पडले तरीही कळवावे. नव्याने आलेला गोंधळ, म्हणजे सकाळी नीट बोलणारे आजोबा दुपारी बायकोला ओळखत नाहीत, यालाही पूर्ण तीन गुण आहेत. ‘वयामुळे होतं’ असे म्हणून तो सोडून देऊ नये. मात्र ही पद्धत सोळा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बायकांना लावायची नाही, आणि सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो अशांसाठी ऑक्सिजनची वेगळी मोजपट्टी वापरायची, कारण त्यांचे लक्ष्यच 88 ते 92 टक्के असते.

लघवीचे प्रमाण या सातांत नाही, पण मला ते फार बोलके वाटते. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिलिलिटर, एवढी लघवी व्हायला हवी. कमी दिसली तर आधी नळीला पीळ बसला आहे का, बॅग खाटेच्या वर टांगली गेली आहे का, हे पाहावे. नळी ठीक असेल तर कळवावे.

तीन ओळी ज्या वेगवेगळ्या वाचल्या तर ठीक दिसतात

वर्गात मी एक चार्ट फळ्यावर लिहिते. सव्वीस वर्षांची बाई, सकाळी साडेदहाला सिझेरियन. दुपारी सव्वा वाजता नाडी 84, रक्तदाब 118/74. अडीच वाजता नाडी 98, रक्तदाब 112/78. साडेतीन वाजता नाडी 112, रक्तदाब 106/82. मुलींना विचारले की शेवटचा रक्तदाब कसा आहे, तर बहुतेक जणी ‘चांगला आहे’ म्हणतात, आणि तो एकटा पाहिला तर चांगला आहेच.

आता तिन्ही ओळी एकाखाली एक वाचाव्यात. नाडी दर वेळी चौदाने वाढते आहे. वरचा रक्तदाब सहासहाने उतरतो आहे आणि खालचा चारचारने चढतो आहे, म्हणजे दोहोंमधले अंतर 44 वरून 34 आणि 34 वरून 24 झाले आहे. शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब धरून ठेवते आहे, आणि तरुण शरीर हे बराच वेळ करू शकते; ज्या वेळी ते थकते त्या वेळी रक्तदाब हळूहळू न उतरता एकदम कोसळतो. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले तर सव्वा वाजता उत्तर सुमारे 0.7 येते आणि साडेतीनला 1 च्या वर जाते. बाळंतिणीत हा भागाकार 0.9 च्या पुढे गेला की सावध व्हायचे असते. शिवाय पहिली ओळ सकाळच्या सिस्टरने लिहिली आहे आणि पुढच्या दोन दुपारच्या. ओव्हर खाटेपाशी झाली नसेल तर दुपारचीला 84 माहीतच नसते.

आकडे पाहून झाल्यावर हात लावावा. बाई अस्वस्थ आहे, सारखी कूस बदलते आहे, पाणी मागते आहे, हात गार आहेत. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट चेंडूसारखे लागायला हवे ते कणकेसारखे मऊ लागते. पॅड वजन करून पाहावेत. कोरड्या पॅडचे वजन वजा करून उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. मग एकीने तिथेच थांबून गर्भाशयाला मसाज सुरू करावा आणि मूत्राशय रिकामे आहे ना हे पाहावे, दुसरीने फोन करावा, तिसरीने इमर्जन्सी ट्रे आणावा. रुग्णाला एकटे सोडून डॉक्टरांना शोधायला जाऊ नये. ड्यूटीवर एकटेच असलो तर मोठ्याने हाक मारावी. आया, वॉर्डबॉय, अटेंडर (रुग्णासोबतचा नातेवाईक), जो असेल त्याला फोनपाशी धाडावे. ओरडायची लाज वाटते, विशेषतः नव्या मुलींना, आणि ती लाज पहिल्याच महिन्यात मोडलेली बरी.

रुग्णाचे शब्द आणि आपले शब्द

‘जी घबरा रहा है’ हे वाक्य आपल्याकडे दिवसातून दहा वेळा कानी पडते. मराठी कान त्यातला ‘घबरा’ ऐकतो आणि मनात ‘घाबरली आहे’ असा अर्थ लागतो; मग केस-पेपरवर इंग्रजीत तिला चिंता वाटत असल्याची नोंद होते आणि पुढचा डॉक्टर ती चिंताच समजतो. पण बोलणारीचा अर्थ मळमळ असू शकतो, छातीत कोंडल्यासारखे होणे असू शकते, साखर उतरल्याने होणारी कासाविशी असू शकते, किंवा आतल्या रक्तस्रावाची पहिली जाणीव असू शकते. आपल्या आज्यासुद्धा ‘जीव घाबरा होतोय’ म्हणत, आणि त्यांना भीती वाटत नसे, श्वास कोंडलेला असे. ती आठवण ठेवली तर इथे चूक होणार नाही. ‘जलन’चेही तसेच आहे. वयस्कर बायका आणि मधुमेही रुग्ण यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ यावीच असे नाही. नुसती जळजळ, घाम, थकवा आणि जबडा किंवा पाठ दुखणे एवढेच होऊ शकते. ‘ॲसिडिटी आहे’ हा निष्कर्ष सिस्टरने काढू नये. अशा तक्रारीला दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे.

म्हणून रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे, हिंदीत असतील तर हिंदीतच लिहावेत, आणि त्यापुढे आपण विचारून काय कळले ते लिहावे: कुठे होते, कधीपासून, याआधी असे झाले होते का, उलटीसारखे वाटते की श्वास पुरत नाही. रुग्ण भिली बोलणारा असेल तर सोबतच्या नातेवाइकाला दुभाषा करावे. पण प्रश्न छोटे ठेवावेत, आणि रुग्ण लांबलचक बोलला व नातेवाईक एका शब्दात ‘ठीक है’ म्हणाला, तर तिथे थांबून पुन्हा विचारावे.

आणखी दोन गोष्टी फसव्या आहेत. हिंदीतला ‘कल’ काल आणि उद्या दोन्ही असतो, तर मराठी मनाला तो ऐकताच ‘काल’ वाटतो. ‘ये गोली कल से बंद है’ याचा अर्थ वारंवार चुकीचा घेतला जातो. तिथे तारीख विचारून तारीखच लिहावी. आकड्यांत मराठी-हिंदीची सरमिसळ होते आणि इंग्रजीत पंधरा व पन्नास कानाला जवळजवळ सारखे लागतात. फोनवर दिलेला डोस एकेक अंक उच्चारून परत म्हणून दाखवावा: ‘एक-पाच, पंधरा, बरोबर?’ डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये, आणि तोंडी आदेशावर त्यांची सही शक्य तितक्या लवकर घ्यावी.

फोनवर काय बोलावे

‘सर, पेशंट ठीक नाही वाटत’ एवढेच ऐकून कोणीही झोपेतून उठून येत नाही, आणि मग आपण डॉक्टरांना दोष देतो. काय झाले, पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि मला काय हवे, या क्रमाने बोलण्याची पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आली. तिला एसबार (SBAR, या चार टप्प्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे) म्हणतात. वरच्याच बाळंतिणीचा फोन असा व्हावा (प्रत्यक्षात आपण हिंदीत बोलू, क्रम हाच ठेवावा):

‘नमस्कार डॉक्टर, प्रसूती वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. बेड सहा, वय 26, आज साडेदहाचे सिझेरियन. सव्वा वाजता नाडी 84 होती, आता साडेतीनला 112 आहे. रक्तदाब 118/74 वरून 106/82 झाला आहे. तासाभरात पॅडचे वजन 350 ग्रॅमने वाढले, गर्भाशय मऊ लागते, मसाज चालू आहे, लघवी तासात 20 मिलि. मला रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. आपण आत्ता यावे. तोवर दुसरी मोठी कॅन्युला घालून क्रॉसमॅचसाठी रक्त काढू का, आणि ऑक्सिटोसिनबद्दल काय आदेश आहे?’

(कॅन्युला म्हणजे शिरेत घालायची नळी, क्रॉसमॅच म्हणजे चढवायचे रक्त जुळवून पाहणे, आणि ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आवळणारे औषध.) याला चाळीस सेकंद लागतात. यातला ‘मला शंका आहे’ हा भाग आपल्या मुली गाळतात, कारण निदान करणे आपले काम नाही असे त्यांना शिकवलेले असते. निदान करू नये हे खरे, पण शंका व्यक्त करणे हे कामच आहे. ‘बघू, अर्ध्या तासाने कळवा’ असे उत्तर मिळाले आणि आपले समाधान झाले नाही, तर तिथल्या तिथे म्हणावे: ‘डॉक्टर, मला यात धोका वाटतो, अर्धा तास थांबणे बरोबर वाटत नाही.’ तरीही कोणी आले नाही तर वरच्या डॉक्टरांना, आणि त्याच वेळी नर्सिंग सुपरिंटेंडंटना फोन करावा. कोणाला किती वाजता काय सांगितले ते घड्याळाच्या वेळेसह लिहावे. ‘मोठ्या सरांना रात्री उठवायचे नाही’ असा अलिखित नियम अनेक ठिकाणी असतो. तो लिहून द्यायला मात्र कोणीच तयार नसते.

औषधापुढे थांबण्याच्या जागा

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच मुद्दे सर्वांना पाठ असतात, म्हणून त्यावर लिहीत नाही. चूक कुठे होते ते लिहिते.

पहिली जागा नावाची. ‘आपण सुनीता ना?’ असे विचारले तर अर्धवट झोपेतली, कमी ऐकू येणारी किंवा सिस्टरला घाबरणारी बाई मान डोलावते. ‘आपले पूर्ण नाव सांगा’ असे म्हणावे, आणि ते मनगटावरच्या पट्टीशी व नोंदणी क्रमांकाशी जुळवावे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. राउंडनंतर खाटा बदलतात.

दुसरी जागा इन्सुलिनची. आपल्याकडे कुप्यांतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असते, तर पेनमधले आणि काही कुप्यांतले 100 युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपीची 40 ची, नारिंगी टोपीची 100 ची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 100 चे इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत भरले तर रुग्णाला दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. उलट केले तर दहाऐवजी चारच जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते. दर वेळी कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळवावा, आणि भरलेली सिरिंज दुसऱ्या सिस्टरला दाखवावी.

इन्सुलिनचीच एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून घडलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका खासगी दवाखान्यात, सकाळी साडेसातला मी एका काकांना आदेशाप्रमाणे इन्सुलिन दिले. मात्रा बरोबर, सिरिंज बरोबर, वेळही बरोबर. त्यांना उपाशीपोटी सोनोग्राफीला न्यायचे होते हे दुसऱ्या पानावर लिहिलेले होते आणि ते पान मी उलटले नव्हते. सव्वानऊला ते सोनोग्राफीच्या रांगेत बाकावर घामाने निथळत, असंबद्ध बोलत असलेले सापडले. मे महिना होता, मुलाला वाटले उन्हाने झाले असेल. साखर 48 निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काका दहा मिनिटांत सावरले आणि मलाच ‘बेटा, रडू नका’ म्हणाले. तेव्हापासून मी इन्सुलिनची सिरिंज भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहते: आत्ताची साखर मोजली का, आज कोणती तपासणी किंवा ऑपरेशन उपाशीपोटी आहे का, आणि जेवण खरोखर समोर आले आहे का. ‘नाश्ता येतोच आहे’ हे उत्तर मी घेत नाही. पोह्यांची प्लेट दिसली की सुई. पोह्यांसोबत जिलबीही आलेली असते, आणि त्याबद्दल अटेंडरशी रोज एक वेगळी लढाई असते, पण तो निराळा विषय झाला.

साखर 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. सुस्त असेल तर तोंडात काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाते. शिरेतून ग्लुकोज हवे, आणि त्यासाठीचा स्थायी आदेश वॉर्डात आधीच लिहून घेतलेला असावा.

तिसरी जागा पोटॅशियम क्लोराइडची. दहा मिलिलिटरची एक ॲम्प्यूल, सहसा 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असलेली, दिसायला डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाईनच्या ॲम्प्यूलसारखी. ती थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडते. ती नेहमीच्या ट्रेमध्ये असूच नये; वेगळ्या, बंद कप्प्यात ठेवावी, नेहमी सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट उलटसुलट हलवून द्यावी, आणि साध्या वॉर्डात हातावरच्या शिरेतून तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जाऊ नये. प्रसूती वॉर्डात मॅग्नेशियम सल्फेटच्या (गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या औषधाच्या) प्रत्येक पुढच्या मात्रेआधी गुडघ्याची प्रतिक्षेप क्रिया आहे का, श्वास मिनिटाला किमान सोळा आहेत का आणि लघवी तासाला किमान तीस मिलिलिटर आहे का, हे पाहावे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर मात्रा थांबवून डॉक्टरांना बोलवावे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असावे.

सलाईनबद्दल थोडेच. वीस थेंबांना एक मिलिलिटर देणाऱ्या साध्या सेटवर 500 मिलिलिटर चार तासांत द्यायचे तर मिनिटाला 42 थेंब. हिशेब करून लावले तरी अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे, कारण ‘लवकर संपली की लवकर सुट्टी’ या समजुतीने अटेंडर चाक सैल करतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पहिल्याच वेळी बाटलीवर वेळेच्या खुणा करून ‘इथवर चार वाजता यायला हवे, आधी आले तर मला हाक मारा’ असे सांगितले, तर तेच आपले पहारेकरी होतात. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटे खाटेपाशीच थांबावे. ताप, थंडी, कमरेत दुखणे, पुरळ यांपैकी काहीही दिसले की रक्त बंद करावे, कॅन्युला ठेवून सलाईन चालू करावे, आणि पिशवी फेकू नये, ती रक्तपेढीला परत जाते.

केल्यावर परत जाणे

वेदनेचे इंजेक्शन दिले, तापाचे औषध दिले, ऑक्सिजन लावला, अशा नोंदी चार्टवर भरपूर सापडतात. त्याने काय झाले हे क्वचितच लिहिलेले असते. प्रत्येक कृतीबरोबर परत पाहण्याची वेळ ठरवून हातावर, कागदावर, कुठेही लिहावी. शिरेतून दिलेल्या वेदनाशामकानंतर साधारण अर्ध्या तासात जावे आणि दुखणे किती उरले हे विचारताना श्वासही मोजावा. मॉर्फिनसारखे औषध दिलेला, ‘शांत झोपला आहे’ असे लिहिलेला रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो का, हे पाहिल्याशिवाय त्याला शांत म्हणू नये.

चूक झाली तर क्रम असा: आधी रुग्ण पाहावा, मग डॉक्टरांना सांगावे, मग जे दिले आणि जेव्हा दिले तेच लिहावे, खाडाखोड न करता. नंतर इन्सिडंट फॉर्म भरावा. औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम दिसला तर तो भारताच्या औषधसतर्कता कार्यक्रमाकडे सिस्टरही कळवू शकते, त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे. हातून थोडक्यात टळलेली चूकही लिहावी. सारखी दिसणारी दोन ॲम्प्यूल हाती आली आणि वेळेत लक्षात आली, तर ती जागा उद्याच्या सिस्टरसाठीही तशीच आहे, आणि कप्पा बदलायला कारण लागते ते या कागदातून मिळते.

रोजचा सराव

ही नजर शिकवून येते तेवढी वापरूनही येते. प्रत्येक ड्यूटीला एक रुग्ण निवडावा. पहिल्या फेरीनंतर एका छोट्या वहीत तीन ओळी लिहाव्यात: आत्ता कसा आहे, ड्यूटी संपेपर्यंत याला काय बिघडू शकते, आणि ते बिघडायला लागले तर सर्वांत आधी मला काय दिसेल. ड्यूटी संपताना त्याच पानावर काय झाले ते लिहावे. अंदाज चुकला तर कोणती खूण समोर असून सुटली, ती शोधून अधोरेखित करावी. दोन-तीन महिन्यांनी वही चाळली की आपण वारंवार काय पाहायचे विसरतो ते स्पष्ट दिसते. माझ्या वहीत ते रुग्णाचे पाय होते, सूज, गारवा, पोटरीचे दुखणे, सगळेच. वहीत नाव, खाटेचा क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक लिहू नये, फक्त वय आणि आजार लिहावा, म्हणजे ती घरी नेता येते.